शेळी उठेपर्यंत

आमच्या गोल्फ क्लबात बॉलवर शेळी बसली तर खेळ थांबतो. तिला हुसकायचं नाही. तिनं आपणहून उठावं, नाहीतर तिच्या मालकानं उठवावं. असा कायदा जगात दुसरीकडे नसेल, पण दिंद्रुडच्या माळावर आहे, आणि तो मोडणाऱ्याला हमीदचाचा पुन्हा चहा पाजत नाहीत.

हमीदचाचा म्हणजे स्टँडसमोरचे मेकॅनिक आणि क्लबाचे तहहयात सेक्रेटरी. माझं किराणा दुकान त्यांच्या गॅरेजला खेटून. माझं गिऱ्हाईक साखर घ्यायला येतं आणि गोल्फ ऐकून जातं.

इतिहास असा. माजलगावचं धरण बांधायला आलेल्या एका इंजिनिअर साहेबाला गोल्फचा भारी नाद. त्यानं माळावर खड्डे खणवले. गवत काही उगवेना, म्हणून खड्ड्यांभोवती वाळू पसरली आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर चाचांच्या गॅरेजातलं जळकं ऑइल शिंपडलं. पहिल्याच दिवशी साहेबाच्या बॉलवर दशरथची शेळी बसली. साहेब काठी उगारून धावला. शेळ्या राखणारा दशरथ आडवा आला.

"गाभण हाय साहेब. उठवायची न्हाई."

साहेब उन्हात ताटकळला, शेवटी हसत सुटला आणि तिथंच कायदा केला.

धरण झालं, साहेब गेला. काठ्या चाचांना आणि दशरथला राहिल्या. दर शुक्रवारी नमाज झाली की दोघं खेळायचे आणि चाचा हरायचे. "शेळ्यामागं हिंडून त्याचा हात बसलाय बे," हे कारण ठरलेलं.

गेल्या उन्हाळ्यात आक्रीत घडलं. चाचा जिंकायला आले. एकच टोला बाकी. तेवढ्यात दशरथची उरलेली एकुलती एक शेळी आली आणि चाचांच्या बॉलवर ऐसपैस बसली.

"उठव बे तिला."

"मालक मी, मी न्हाई उठवत. कायदा म्हंजे कायदा," दशरथ म्हणाला.

त्याला कायमचा पुण्याला न्यायला आलेला मुलगा रस्त्यावरून गाडीचा हॉर्न वाजवत होता. "हिला संबाळ, इकू नको," एवढं सांगून दशरथ गेला.

आता शेळी गॅरेजात असते आणि माझ्या दुकानातला गूळ चोरून खाते. शुक्रवारी चाचा तिला माळावर नेतात, त्याच बॉलवर बसवतात आणि शेजारी काठी धरून बसतात. परवा मीही गेलो. शेळी उठायच्या बेतात होती.

"चाचा, उठतीय. मारा टोला, जिंकलात."

चाचांनी घाईघाईनं तिच्यापुढं घासाची पेंढी टाकली. शेळी पुन्हा बसली.

"जिंकलो तर खेळ खतम हुईल बे," ते म्हणाले. "मग त्यो कशाला यील?"