वालीवच्या कॅमेऱ्याला सगळंच पसंत

"सोर्सपासून बिल्ड करतो की! उद्या दसऱ्याच्या पूजेला तुम्ही फक्त बटण दाबा!" असं सुजय रिचर्डशेठना छातीठोकपणे सांगून बसला. कोणी विचारलं होतं का? नाही!

वालीवला शेठचा वॉशरचा कारखाना. वाकडे वॉशर कॅमेऱ्याने हुडकून बाजूला काढायचे, हे काम सुजयकडे होतं. जमलं तर नोकरी पक्की, नाही तर प्रोबेशनवरूनच रामराम. पण मशीनला जोडलेला कॉम्प्युटर पंधरा वर्षांचा, आणि तो बदलला तर मशीन बंद! म्हणजे कॅमेऱ्याचं अख्खं फ्रेमवर्क, चित्र ओळखणाऱ्या प्रोग्रामचा तयार सांगाडा, त्यातल्या जुन्यापुराण्या कंपायलरवरच उभं करायचं. आता कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला समजावणारा दुभाषा, आणि त्याच्याकडून मूळ ओळींपासून प्रोग्राम तयार करून घेणं म्हणजे सोर्सपासून बिल्ड. हा दुभाषा म्हातारा. नव्या वळणाची ओळ दिसली की अडून बसायचा.

पहिल्याच झटक्यात चारशे एरर! शहाण्या माणसाने फ्रेमवर्कची जुनी आवृत्ती शोधली असती. ह्या पठ्ठ्याने काय करावं? म्हातारा ज्या ओळीवर अडेल, ती ओळच उडवायची! जेवणापर्यंत दोनशे एरर उरले, चहापर्यंत बारा. सुपरवायझर जगन्नाथकाका तीस वर्षं नुसत्या नजरेने वॉशर तपासत आलेले. एवढं काढून चालतं का रे, असं त्यांनी विचारलं. ते सगळं जादाचं असतं, असं सुजयने त्यांना ऐकवलं.

दसऱ्याला सकाळी शेवटचं बिल्ड झालं. एकही एरर नाही! सुजयने नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. मशीनला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, शेठनी बटण दाबलं. पहिला वॉशर पास, दुसरा पास. टाळ्या पडल्या. मग काकांनी हळूच एक वाकडा वॉशर पट्ट्यावर सोडला. पास! अर्धा तुटका सोडला. तोही पास! आता मात्र काकांना चेव आला. त्यांनी पेढा ठेवला, करवंटी ठेवली, स्वतःचा चष्मा ठेवला. सगळे पास! शेवटी काहीच ठेवलं नाही, तर तेही पास झालं.

वाकडं कसं ओळखायचं ते सांगणाऱ्या ओळी सुजयने कालच साफ केल्या होत्या. लाजेने त्याला मान वर करवेना.

शेठनी सुजयच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुजय, तुझ्या मशीनचं मन लय मोठं. कोणालाच नापास करत नाय."

सुजयने आशेने वर पाहिलं.

"आपलं तसं नाय बाबा," शेठ म्हणाले.