दीड तासाच्या हुकुमाची बखर

श्रीवायुनंदन सहाय. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध पंचमी, ते दिवशी एका राज्यात वर्तमान घडले ते यथामति लिहितो ऐसे जे: राजधानी शिखरपूर, तेथून उत्तरबंदर शहर चारशे कोस. तेथे महाराजांचे कन्येचे, ताईसाहेबांचे, लग्न नेमिले आणि महाराजांनी विमानाने जावे ऐसे ठरले. मग मोजणीदारांस वेळ पुसिला, त्यांनी कोस मोजिले, समोरचा वारा मोजिला आणि अडीच तास सांगितले. त्या दरबारची चाल ऐसी की, महाराजांस शीण देणारा आकडा वर नेताना प्रत्येकाने थोडा उतरवावा, हीच अदब. त्याप्रमाणे कारभाऱ्यांनी सव्वादोन केले, आणि दिवाण अंताजीपंतांनी पावणेदोन केले, आणि महाराज संतोष पावून बोलिले, "दीडच धरा." मग दीड तासाचा हुकूम शिक्क्यानिशी सुटला, आणि भटजींनी मुहूर्त त्यावरून, पोहोचल्यावर दीड तासाचा, काढिला, आणि कोठीवाल्यांनी इंधनही त्यावरूनच भरिले, वर रिवाजाचे अर्ध्या तासाचे. वैमानिक सुभानराव काटकर यांनी हरकत घेतली, "पंत, हे दोन तासांचे झाले. वाट अडीचाची आहे." दिवाण बोलिले, "म्हणजे सरकारांचा शब्द खोटा म्हणता?" सुभानराव वाटेवरील माळावरची जुनी धावपट्टी मनात धरून विमान उडविते जाहले.

दीड तास भरला. उत्तरबंदरी हुकुमाप्रमाणे नगारे झडले, तोफा सुटल्या, आणि आभाळ रिकामे. इकडे विमानात महाराजांनी पुसिले, "सुभानराव, शहर दिसेना?" "अजून तासाची वाट आहे, सरकार." "हुकूम दीड तासाचा होता." "हुकूम पोहोचला असेल, सरकार. विमान पोहोचायचे आहे." महाराजांची मुद्रा पालटली. "इंधन किती?" दिवाण लगबगीने बोलिले, "चिंता नसावी, तासाभराचे सहज असेल." सुभानराव वळून न पाहता बोलिले, "अर्ध्या तासाचे. धावपट्टी पाव तासावर आहे, ती मागे पडली की पुढे समुद्र. उतरलो तर मुहूर्त हुकतो. आज्ञा व्हावी." दिवाण मध्येच बोलिले, "मुहूर्त गाठू, सरकार, थोडक्यात आहे!" महाराजांनी पुसिले, "थोडके म्हणजे किती कोस, पंत?" दिवाण बोटांवर मोजू लागले, आकडा जुळेना. मग महाराज स्वतः उठोन पुढे गेले आणि इंधनाचा काटा प्रथमच आपल्या डोळ्यांनी पाहिला, आणि त्या काट्यास कोणी अदब शिकविली नव्हती. "उतरवा," इतकेच बोलिले, आणि पाव तासाने चाके माळास लागली.

मग दूरध्वनीवर ताईसाहेब आल्या. "आबासाहेब, नगारे वाजून गेले! कधी पोहोचता?" "हा काय, आलोच," ऐसे महाराजांचे ओठांवर आले, आणि दिवाणही मान डोलवू लागले. महाराजांनी पंतांकडे पाठ केली. "तीन तास, बाळ. माळावर उतरलो, इंधन यायचे आहे. मुहूर्त टळला." ताईसाहेब बोलिल्या, "तीन म्हणजे तीनच ना? की दरबारी तीन?" "माळावरचे तीन." "मग दुसरा मुहूर्त काढविते. तुम्ही आल्याखेरीज अक्षता पडणार नाहीत."

सारांश, लग्न सायंकाळी यथासांग जाहले, दिवाण मोजणीदारांचे हाताखाली कोस मोजावयास नेमिले गेले, आणि चारशे कोस पूर्वी होते तितकेच राहिले. येणेप्रमाणे वर्तमान.