थोरला पसंत

युरोपातली शहरं माणसाला घरी येऊन बघितल्याशिवाय पानगळीची सहल देत नाहीत, म्हणून श्रावणात लिस्बन विट्याला आलं.

स्थळं जमवणारे कुरणेकाका आधीच सांगून गेले होते की पाहुणं चढउताराचं आहे, बेतानं बसवा. कुंदावहिनींनी पलंगावर नवी चादर घातली. लिस्बन कलूनच बसलं, आणि त्याच्या बशीतले पोह्यांचे शेंगदाणे एका कडेला जमा झाले.

"मुलं दोन ना?" लिस्बननं विचारलं.

"दोन," धाकटा उमाजी म्हणाला. "मी, आणि थोरला जालिंदर. तो आषाढात वारला."

कुरणेकाका उगाच खाकरले. लिस्बननं तोंडातला घास संपवला.

"थोरल्यांना पायऱ्या चढायला त्रास?"

"आता कसला त्रास."

"मग आमची काही हरकत नाही," लिस्बन म्हणालं आणि चहा मागितला.

हे सगळं उमाजीच्या तोंडामुळं झालं होतं. दहाव्याला येरळेच्या काठावर पिंडाला कावळा शिवेना. मामांनी सांगितलं, कुंदाला अंतर देणार नाही. चुलते म्हणाले, पाण्याच्या मोटारींना तार भरायचं दुकान बंद पडू देणार नाही. कावळा बाभळीवर बसून सगळं ऐकत होता, पण हलला नाही. उमाजीला कुणी काही विचारलं नव्हतं. त्यानं सातवीत शाळा सोडलेली, आणि बोलायच्या आधी विचार करायची सवय त्याला शाळेतही लागली नव्हती. तो माणसं बाजूला सारून पुढं गेला.

"दादा, तुला पानगळीत युरोप दाखवतो. मी स्वतः नेतो."

कावळा लगेच खाली उतरला.

दुकानात एक जुनं कॅलेंडर होतं. त्याचं ऑक्टोबरचं पान जालिंदरनं कधी उलटू दिलं नव्हतं. चित्रात परदेशातला एक रस्ता होता आणि रस्त्यावर घोटाभर पिवळी पानं. "एवढी पानं झाडतं कोण, उम्या?" मोटारीत तार भरता भरता तो विचारायचा. "एकदा जाऊन बघायला पाहिजे."

शब्द दिलेला असल्यामुळं कावळा रोज सकाळी परड्याच्या भिंतीवर येऊन बसायचा आणि मान तिरकी करायचा.

"चाललंय," उमाजी त्याला सांगायचा. "पॅरिसला फोटो पाठवलेत."

पॅरिसनं फोटो ठेवून घेतले आणि पुढं काहीच कळवलं नाही. बडी स्थळं असंच करतात, असं कुरणेकाकांचं म्हणणं पडलं.

लिस्बननंतर ॲमस्टरडॅम आलं. त्यानं दारातच पाण्याचं विचारलं.

"दोन दिवसांआड येतं," वहिनी म्हणाल्या.

"आणि तुम्ही त्याची वाट बघता?"

"मग? बघावीच लागते."

ॲमस्टरडॅमला गहिवरून आलं. त्याच्याकडं पाणी न बोलावता येऊन बसायचं. जाताना ते मोरीतल्या हंड्यांकडं दोनदा वळून बघत गेलं.

ब्रुसेल्स शेवटी आलं, गौरी-गणपती उठल्यावर. ते कडक होतं. पोहे आधी खाल्ले, मग बशी बाजूला ठेवून उमाजीला समोर बसवलं.

"तुम्हाला जेवायला काय चालतं?"

"दादाला भाकरी कडक लागायची."

"तुम्हाला विचारलं."

"खर्डा असला की त्याला दुसरं काही नको असायचं."

"झोप कशी आहे?"

"घोरायचा," उमाजी म्हणाला. मग बराच वेळ चादरीची दशी ओढत राहिला. "आता खोलीत आवाजच नाही."

वहिनी आत गेल्या आणि चहा झालेला असताना परत चहा ठेवला.

आठवड्यानं कुरणेकाका निरोप घेऊन आले. तिन्ही शहरांचं एकमत झालं होतं.

"थोरला पसंत आहे. अगदी मनापासून."

"आणि मी?"

"तुझं नाही जमलं, बाबा. ब्रुसेल्स म्हणालं, धाकट्याला काहीही विचारलं तरी उत्तर थोरल्याचंच येतं. दोघांची सहल एकालाच कशी द्यायची?"

उमाजी ताडकन उठला. "तो एकटा जाणार नाही. आणि मी स्वतः नेतो म्हणून शब्द दिलाय." त्यानं भिंतीकडं बोट केलं. कावळा सगळं ऐकत होता.

"भावजी," कुंदावहिनी म्हणाल्या, "तुमच्या दादांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी एवढं पसंत केलंय. माझ्या घरच्यांनीसुद्धा आढेवेढे घेतले होते. जाऊ द्या त्यांना."

आश्विनात वहिनींनी जालिंदरची बॅग भरली. निळा शर्ट, खर्ड्याची बरणी आणि थंडीचं म्हणून उमाजीचं स्वेटर. उमाजीनं बॅग स्वतः स्टँडवर नेली, मुंबईच्या गाडीत खिडकीशी ठेवली आणि तिच्यावरनं हात फिरवला.

"कुणाची सीट?" कंडक्टरनं विचारलं.

"भावाची. वारलाय."

"फुल तिकीट लागेल," कंडक्टर म्हणाला, आणि शेजारच्या माणसाला जरा सरकून बसायला सांगितलं.

कावळा स्टँडच्या पत्र्यावर बसला होता. उमाजी त्याला म्हणाला, "स्वतः आणलं का नाही? हितपर्यंत आणलं." कावळ्यानं त्यावर थोडा विचार केला आणि उडून गेला. त्यानंतर तो भिंतीवर आला नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर मुंबईच्या गाडीनं बॅग परत आली. उमाजीनं ती अंगणात उघडली. शर्टाला इस्त्री केलेली होती. बरणी चाटूनपुसून रिकामी. स्वेटर नव्हतंच. बाकी सगळी पिवळी पानं होती, आणि ती बाहेर पडायची थांबेचनात. अंगण भरलं, पायरी बुडाली, तुळशीवृंदावन निम्मं झाकलं.

वहिनी खराटा घेऊन आल्या. पानं बघून त्यांच्यानं पुढं पाऊल टाकवेना.

"राहू द्या वहिनी," उमाजी म्हणाला आणि खराटा आपल्या हातात घेतला. पहिल्या फटक्याला पानं वाजली. दुसऱ्या फटक्याला तो रडायला लागला, पण हात थांबला नाही. कंबर भरून आली, तरी अंगण संपेना.

तेवढ्यात फाटकाशी कुरणेकाकांची मोटारसायकल थांबली.

"उद्या ब्रुसेल्स येतंय," त्यांनी बाहेरूनच सांगितलं. "फक्त धाकट्याला बघायला. मला बटाटेपोहे चालतील, पण पाहुण्याला कांद्याचेच करा. आणि तेवढं अंगण झाडून ठेवा."

"झाडतोय की," उमाजी म्हणाला.