बिनतारी लाईट

उजेडाच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं काम नाही! टॉर्चमधून निघालेला प्रकाश समोर पोचेपर्यंत वाटेत त्याचं काय काय होतं, धुकं त्याला किती खातं, धूळ किती उधळते, गरम हवा त्याला कशी डुगडुगवते, हे सगळं मी गणितात बसवलंय. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवतो आणि याच विषयात पीएच.डी. करतो. तार नाही, रेडिओ नाही, नुसत्या उजेडावर निरोप धाडायचा! तो उजेड ज्या हवेतून जातो त्या वाटेला आम्ही चॅनल म्हणतो, आणि त्या चॅनलचं मॉडेल मी बनवलंय. घरात चॅनल म्हटलं की सगळे टीव्हीकडे बघतात, तो भाग वेगळा.

पण माझ्या मार्गदर्शक राजेश्वरी मॅडम अडून बसल्या. "मुकुल, कागदावरचं पुरे झालं. खऱ्या धुक्यात करून दाखवा, मग प्रबंधाचं बघू."

खरं धुकं! माझ्या डोळ्यांसमोर सासुरवाडीच उभी राहिली. पाटणजवळ, कोयनेच्या काठाला. थंडीत तिथं सकाळी असलं धुकं पडतं की म्हैस दिसत नाही, नुसता तिचा रवंथ ऐकू येतो! अलीकडच्या काठावर आमच्या सासऱ्यांची गच्ची, आणि बरोबर समोर, पलीकडच्या काठावर लालासाहेबांची. सासरे मानसिंगमामा फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले, लालासाहेब हवालदार. दोघं एकाच पलटणीतले, अजूनही एकमेकांना फोनवर सॅल्यूट ठोकणारे.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी उजेड पकडायची डबी घेऊन मी लालासाहेबांकडे गेलो. ते लेकीकडे कराडला गेले होते. घरी त्यांच्या मंडळी, साळूबाई.

"मावशी, ही डबी गच्चीच्या कठड्यावर ठेवतो. उद्या सकाळी पलीकडनं हिच्यात लाईट येईल."

"लाईट? नदीवरनं?"

"हो, बिनतारी!"

"तार न्हाईच?"

"अजिबात नाही."

"आन् मीटर वो?"

"मीटर माझ्याकडे आहे," मी ऐटीत म्हणालो. प्रकाश मोजायचं यंत्र खरंच माझ्याच पिशवीत होतं!

साळूबाईंचे डोळे लकाकले. मला वाटलं, चला, खेड्यातही विज्ञानाची कदर आहे.

सकाळी उजाडता उजाडता मी मामांच्या गच्चीवर पोचलो. नदी धुक्यानं गच्च भरलेली. अंगावर काळं घोंगडं, डोक्याला कानटोपी, तोंडाला मफलर. लेसरची तिपाई कठड्याच्या जाळीमागे लावायची, म्हणून मी पालथा पडलो. शेजारी लॅपटॉप, त्यावर सांगलीहून मॅडम.

"मॅडम, आता बघा! माझ्या मॉडेलप्रमाणे प्रकाश नदीच्या मध्यावरच संपेल. पलीकडे शून्य!"

आणि लाल लेसर चालू केला. धुक्याच्या वरच्या विरळ थरातून एक लाल दोरी सरळ पलीकडे ताणली गेली. पलीकडे किती उजेड पोचला त्याचा आकडा डबीनं मोबाईलच्या नेटवरून लॅपटॉपवर धाडला. शून्य नव्हे, पुरेपूर!

मी हादरलोच! मान वर करून बघितलं, तर धुकं नदीच्या पात्रात निवांत पसरलेलं आणि दोन्ही गच्च्या त्याच्या वर, कोरड्या ठणठणीत. मॉडेलमध्ये धुकं मी सगळीकडे सारखं धरलं होतं. पण धुक्यानं माझं मॉडेल वाचलं नव्हतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आकडा खरंच शून्यावर गेला. मग पुरेपूर. मग परत शून्य. दोरीच्या उड्या मारणाऱ्या पोरीसारखा आकडा वरखाली!

"मुकुल, हे काय आहे?"

"हवेतली खळबळ असावी, मॅडम," मी ठोकून दिलं. "किंवा बगळे."

पण एवढे बगळे? मी मामांची फौजी दुर्बीण डोळ्याला लावली आणि माझा जबडाच खाली आला.

लालासाहेबांच्या गच्चीवर अख्खी आळी जमली होती! कुणी मिक्सर घेऊन आलेलं, कुणी इस्त्री. एका बाईनं वायरची पिन डबीपुढे अशी धरली होती, जणू वासरू गाईला लावतेय. मागं एकानं टेबलफॅन डोक्यावर घेतलेला. सगळ्यांच्या पुढे साळूबाई, मोबाईलचा चार्जर उजेडात धरून, "धक्का न्हाई, नंबरानं या!" असं बहुतेक ओरडत होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लाईट! मी म्हणालो होतो उजेड, त्यांनी ऐकली होती वीज!

मी हातवारे करायला उठलो, गुडघा तिपाईला लागला आणि लाल ठिपका डबीवरून घसरला. नेमके तेव्हाच पहाटेच्या एसटीनं आलेले लालासाहेब, ही कसली गर्दी म्हणून गच्चीवर चढले होते. पांढरा सदरा. आणि त्या सदऱ्यावर, छातीच्या मधोमध, वाटीएवढा लाल ठिपका!

लालासाहेबांनी खाली बघितलं. मी दुर्बिणीतून त्यांचा चेहरा बघितला. असा चेहरा परत बघायची माझी इच्छा नाही.

"आडवेऽऽ व्हाऽऽ!"

ही आरोळी दुर्बिणीशिवाय, नदी ओलांडून माझ्यापर्यंत आली! सगळी गच्ची भुईसपाट झाली. मिक्सर गडगडले, फॅन पालथा, आणि लालासाहेब झेप घेऊन साळूबाईंच्या अंगावर!

मी लेसर बंद करायला परत पालथा पडलो, तर घोंगडं बटणात अडकलं. तेवढ्यात खालच्या सोप्यात मामांचा फोन वाजला.

"काय? निशाणा धरलाय? पोझिशन सांग, लाला! पोझिशन!"

मग मामांचा आवाज एकदम हळू झाला. "माझ्याच गच्चीवर म्हंतोस? नक्की? लाल दोरी हिकडनंच येतीया?"

जिन्यावर पाऊल वाजलं नाही. मागून एकदम मानेला काहीतरी टोचलं.

"हात वर! हालला तर संपला!"

मी हात वर केले. पालथ्या माणसानं हात वर करणं किती अवघड असतं ते एकदा करून बघा! मामांनी काठीच्या टोकानं मला उताणं केलं, मफलर ओढला आणि त्यांच्या हातातली काठीच गळून पडली.

"पाव्हणं? तुमी?"

"मामा, चॅनल... चॅनल बघत होतो..."

"आवं, मग खाली टीव्ही हाय की!"

लॅपटॉपमधून मॅडमचा आवाज आला. त्या सगळं बघत होत्या. "मुकुल, तुमच्या मॉडेलमध्ये धुकं आहे, धूळ आहे, पाऊस आहे. माणसं कुठं आहेत? ती मध्ये येणारच की! पुन्हा पहिल्यापासून करा." आणि कॉल बंद.

मामा मला घेऊन पुलावरून पलीकडे गेले. लालासाहेबांचं कोपर सोलवटलं होतं, सदरा फाटला होता. मी त्यांच्या पायाशीच वाकलो. माझ्या एका ठिपक्यानं या माणसाला परत सरहद्दीवर नेऊन उभं केलं होतं, हे अजून आमच्याच गच्चीवर रोखलेल्या त्यांच्या नजरेकडे बघून कळलं. हसायचं मला सुचलंच नाही.

"उठा पाव्हणं," ते म्हणाले. "पर मला येक सांगा, एवढी यंत्रं लावून निरोप काय धाडत हुता?"

"'हॅलो', काका."

"आन् पुढं?"

"पुढं काही नाही. नुसतंच हॅलो."

लालासाहेबांनी मामांकडे बघितलं. मामांनी आभाळाकडे बघितलं. गच्चीवरची मंडळी आपापले मिक्सर उचलून मुकाट्यानं खाली उतरायला लागली.

मीही डबी काखोटीला मारून निघालो, तर साळूबाईंनी दाराआड थांबवलं. म्हटलं, आता खरी हजेरी! मी मान खाली घातली.

"पाव्हणं," त्या पदर तोंडाला लावून कुजबुजल्या, "लगीन झाल्यापास्नं आज पयल्यांदा मालकांनी आमास्नी असं जिवापाड कवळ्यात घेतलं. ती लाल लाईट परत कवा सोडनार?"

हे माझ्या मॉडेलमध्ये कुठंच नव्हतं!