चांगल्या कामासाठी राखून ठेवलेलं सॉकेट

फार घट्ट बसलेला नट कोणत्या अवजाराने सोडवावा, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे असा एक जुना गैरसमज आहे. तो गृहव्यवस्थेचा आहे. योग्य अवजार बहुतेक घरांत असतंच. त्याच्या योग्यतेचं काम मात्र सहसा निघत नाही.

दाजींच्या घरी असं अवजार होतं. (दाजी म्हणजे मेहुण्याचे दाजी, पण मेहुणा कायमचा मुक्कामाला आल्यापासून सगळी गल्ली त्यांना दाजीच म्हणते, यात त्यांच्या आईसुद्धा आल्या.) लाल पत्र्याची पेटी, आत मखमली खाचांमध्ये ट्रॅक्टरच्या दांडग्या नटांवर टोपीसारखी बसणारी सॉकेटं, हातभर लांब दांडा आणि किती जोर लागतोय ते काट्यावर दाखवणारा टॉर्क पाना. पेटीचा मुक्काम बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, चिनी मातीच्या हंसांशेजारी. पाहुणा आला की पेटी उघडे, पाहुणा "वा!" म्हणे, पेटी मिटे. आजवरच्या वापराचा गोषवारा असा: प्रदर्शन, अठ्ठावन्न वेळा; धूळ पुसणे, दर रविवारी; नट, निरंक.

अशात ट्रॅक्टरमागे फिरून माती भुसभुशीत करणाऱ्या रोटावेटरचं बेअरिंग गेलं. गेलं तेही नेमक्या वेळी. रानाला वाफसा आला होता. ओल इतकी बेताची की माती हाताला चिकटत नव्हती आणि ढेकूळ बोटांनी फुटत होतं. उद्यापर्यंत रोटावेटर फिरला तर पेरणी. नाही फिरला तर असल्या उन्हात जमिनीची वीट होणार आणि हंगाम हातचा जाणार. नवं बेअरिंग आणून ठेवलं होतं. मधे फक्त शाफ्टच्या टोकाचा एक नट होता.

हा नट गेल्या हंगामात मेहुण्याने आवळला होता. किती जोराने आवळायचा याचा आकडा कंपनी देते. मेहुण्याची पद्धत त्याहून सोपी: पान्याच्या दांड्यात पाइप घालायचा, पाइपावर उभं राहायचं आणि कुणी "बास" म्हणेपर्यंत उड्या मारायच्या. त्या दिवशी "बास" म्हणायला कुणी नव्हतं.

"मी आवळलेला आहे दाजी," मेहुणा छाती काढून म्हणाला. "असा तसा सुटायचा नाही."

"अरे, पण सुटायला पाहिजे ना!"

"मग तसं आवळायच्या आधी सांगायचं."

दारातून दाजींची बायको म्हणाली, "अहो, कपाटातली पेटी काढा की. मापाचं सॉकेट आहे ना त्यात?"

दाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने हंसांना बादलीत बुडवायला सांगितलं होतं.

"इथे ग्रीस आहे सगळीकडे. चांगलं काम निघालं की काढू."

"हे काय वाईट काम आहे?"

"हे घरचं आहे."

सबब, पर्यायी साधनांचा क्रमवार अवलंब करण्यात आला. नटाला सहा कोपरे असतात, म्हणजेच सहा संधी. पहिला कोपरा ढिलाघट्ट होणाऱ्या पान्याने खाल्ला; हा पाना सगळ्या मापांना चालतो, म्हणून कोणत्याच मापाला बसत नाही. दातेरी पाइप पान्याने दोन कोपरे आणि शेजारच्या काकांचं एक बोट घेतलं. (काका निव्वळ निरीक्षक होते, पण पाना कुठे लावावा ते बोटाने दाखवत होते.) छिन्नी-हातोड्याने आणखी दोन. दरम्यान जमलेल्या मंडळींनी नट तापवा, गार करा, डिझेल पाजा आणि जरा एकटं सोडा, अशा शिफारशी केल्या. उपस्थितांपैकी शंभर टक्के लोकांकडे याच मापाचा पाना होता. तेवढ्याच टक्के लोकांचा तो कुणीतरी नेला होता.

दुपार टळली. दाजींनी रानात जाऊन एका ढेकळावर टाच मारली. ढेकूळ फुटलं नाही, टाच दुखली. ते तसेच घरात आले, कपाट उघडलं, पेटी उघडली. सॉकेट हातात घेतलं. त्यावरचं पातळ प्लास्टिक अजून तसंच होतं, एका कोपऱ्यातही सुटलेलं नव्हतं. दाजींनी रानाकडे पाहिलं, मग प्लास्टिककडे. सॉकेट जागेवर ठेवून ते बाहेर आले.

"एकदा अजून छिन्नी मारून बघ रे."

सहावा कोपरा त्यात गेला.

मग बायको पदर खोचून उठली. तिने पेटी अंगणात आणली, टराटरा प्लास्टिक फाडलं, सॉकेट नटावर बसवलं, दांडा लावला आणि सारा भार टाकला. दांडा फिरला! मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दांडा फिरतच राहिला. आत नट लाडवासारखा गोल झाला होता आणि सॉकेट त्याच्याभोवती निवांत प्रदक्षिणा घालत होतं.

"ओरखडा नाही ना पडला?" दाजींनी विचारलं.

"नटाला?"

"सॉकेटला."

"नाही पडला."

"मग ठीक आहे."

नट कापायला गॅसकटरवाला परवा येतो म्हणाला आणि त्याच्या नंतरच्या परवा आला. तोवर रानात कुदळ मारली तर ठिणगी उडत होती. बायको फक्त एवढंच म्हणाली, "यंदा पेटीच पेरा."

दाजींनी ती पेरली नाही. पुसून, नवं प्लास्टिक गुंडाळून कपाटात ठेवली. आता पाहुण्याला सॉकेट हातात देऊन ते विचारतात, "वापरलेलं आहे बरं का. पण सांगा, कळतंय कुठे?"

आपण दाजींना हसलात, ते रास्तच आहे. फक्त हसताना नाकावरून घसरलेला चष्मा वर सारलात तो जुना, दांडीला दोरा बांधलेला. नवा डबीत आहे. काहीतरी चांगलं वाचायला मिळालं की काढणार आहात.