धोंडीआबांचा तवा

परगावी निघालेला माणूस काखेत छत्री मारतो, खांद्यावर घोंगडी टाकतो. आमचे धोंडीआबा तवा घेत. चांगला जाड लोखंडी तवा, फडक्यात गुंडाळलेला, आणि फडक्याच्या दुसऱ्या टोकाला गाठ मारून पसाभर तांदळाचं पीठ. पौडच्या बाजाराला तवा, पुण्याला तवा. एकदा तर ते नांद्याला एका लग्नाला तवा घेऊन गेले, कारण नवरदेवाच्या मामाकडे नव्या तऱ्हेची शेगडी आली आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. बाहेर मंगलाष्टकं चालली होती आणि हे आत शेगडीपुढे बसून पीठ मळत होते. वधूकडच्या मंडळींना वाटलं, वरपक्षाचा कुणी म्हातारा मानपानावरून रुसला आणि त्यानं वेगळी चूल मांडली. दोन जाणती माणसं त्यांची समजूत काढायला आत आली. आबांनी त्यांना अर्धी अर्धी भाकरी दिली आणि विचारलं, “खरं सांगा, खरपूस लागतीया का?”

मी तेव्हा मुळशी पेट्यात शाळामास्तर होतो. आबांच्या पडवीतली खोली मला राहायला होती आणि जेवणही त्यांच्याकडेच होतं. त्यामुळे या तव्याचा इतिहास मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

झालं असं की आबांच्या बायकोचे, येसूकाकींचे डोळे बिघडले. सारखं पाणी, सारखी आग. पौडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पापण्या उलटून पाहिल्या आणि सांगितलं, “बाईंना धुरापासून लांब ठेवा. नाहीतर आहे ती नजरसुद्धा जाईल.” डॉक्टरांना सांगायला काय जातं! येसूकाकींना चुलीपासून लांब ठेवणं म्हणजे गाईला वासरापासून लांब ठेवणं. मदतीला बाई ठेवू म्हटलं तर त्या म्हणाल्या, “माज्या चुलीला दुसरीचा हात लागला तर मी उपाशी ऱ्हाईन.” मुलगा आणि सून मुंबईला गिरणीत. मग आबांनी ठरवलं, बाई बदलत नाही, चूल बदलायची. बिनधुराची चूल जगात कुठं असेल तिथून आणायची.

आणि परीक्षा एकच. “फुगंल ती खरी,” आबा म्हणत. ज्या चुलीवर भाकरी टम्म फुगेल ती चूल खरी, बाकीची नुसती भांडी. हे सूत्र त्यांनी पुढं सगळ्या जगाला लावलं. एक पुढारी गावात भाषण करून गेले तेव्हा आबांनी निकाल दिला, “तवा तापला बरा, पर फुगली न्हाई.” मी शाळेत नवीन कविता शिकवली तरी खिडकीतून विचारत, “फुगली का वो, मास्तर?”

आता परीक्षा घ्यायची तर भाकरी थापायला कुणीतरी हवं. पुण्याच्या दुकानात येसूकाकींना कोण नेणार? तेव्हा आबांनी तीही विद्या शिकायचं मनावर घेतलं, पण चोरून. गडी माणूस, चार खंडी भात पिकवणारा, मिशांना पीळ देणारा. तो भाकऱ्या थापताना दिसला तर गावात तोंड दाखवायची सोय राहायची नाही. एका सकाळी ओढ्यावर गेलो तर हे खडकावर मांडी घालून चिखलाच्या भाकऱ्या थापत होते! एका ओळीत वाळत घातलेल्या. कुठली आंब्याच्या पानासारखी, कुठली बैलाच्या खुरासारखी. मला पाहून म्हणाले, “नवस हाय.” मी म्हटलं, “कोणत्या देवाचा?” तर म्हणाले, “अजून ठरलं न्हाई.”

पहिली स्वारी पुण्याला, लष्कर भागातल्या एका दुकानात. मी बरोबर होतो, कारण आबांना सोबतीला शिकलेला माणूस हवा होता. दुकानदाराने पितळेचा चकचकीत चुला काढला, रॉकेल भरलं, पंप मारला. रॉकेलची आत वाफ होते आणि ती ग्यास होऊन जळते, असं तो मोठ्या अभिमानाने सांगत होता. निळा जाळ भसाभस पेटला आणि असा काही घोंगावू लागला की रस्त्यावरचा टांग्याचा घोडा बिथरला.

“ह्यो चुला हाय का गिरण?” आबा ओरडले. ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं. “ही आत आन् मी पडवीत. हाक मारली तर ऐकू कसं यायचं?”

“हाक कशाला मारायची? धूर नाही ते बघा!” दुकानदारही ओरडला.

आबांनी तवा ठेवला. दुकानदाराचे डोळे पांढरे झाले, पण गिऱ्हाईक म्हणून त्याने चालवून घेतलं. भाकरी तव्यावर बरी भाजली, पण फुगवायला जाळावर धरली आणि मधोमध रुपयाएवढं भोक पडलं. आबांनी त्या भोकातून दुकानदाराकडे पाहिलं. मग एक तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, “भाकरी मी खातोय, आन् ढेकर रॉकेलचा येतोय.” ग्यास नापास झाला.

मग विजेची पाळी. वर वीज काढायच्या धरणाचं काम जोरात चालू होतं. खोऱ्यातल्या किती गावांची शेतं पाण्याखाली जायची होती, लोक चिडलेले होते. आमचं गाव उंचावर म्हणून वाचलं होतं, तरी तिकडच्या साहेबाच्या बंगल्याची पायरी चढणं कुणाला आवडलं नसतं. पण तिथं इंजिनाच्या विजेवर चालणारी चूल आहे हे कळताच आबा तवा घेऊन सरळ मागच्या दाराने गेले. मी अडवलं तर म्हणाले, “भांडान पान्याशी हाय मास्तर, चुलीशी न्हाई.”

साहेबाचा खानसामा भला माणूस होता. साहेब कामावर गेल्यावर त्याने बटण दाबलं. वेटोळं घातलेली तार हळूहळू लाल झाली, कण्हेरीच्या फुलासारखी. ना आवाज, ना जाळ, ना धूर. आबा कितीतरी वेळ उकिडवे बसून नुसते पाहत राहिले.

“राख कुटं पडती?” त्यांनी विचारलं.

“राख नाहीच पडत, बाबा.”

“मंग भांडी कशानं घासता?”

आबांनी भाकरी टाकली, उलटली, तवा उतरवून लाल तारेजवळ धरली आणि काय सांगू! टम्म फुगली. एवढा मोठा मिशाळ माणूस लहान पोरासारखा टाळ्या पिटू लागला. “फुगली! मास्तर, फुगली!” मग एकदम डोळे पुसून म्हणाले, “ही चूल पायजे. आमच्या गावात वीज कदी यायची?”

खानसामा जरा चाचरला. “गावात कशी येणार? वीज तर मुंबईला जाणार.”

“पानी आमचं,” आबा सावकाश म्हणाले, “आन् भाकरी मुंबईची फुगायची?”

त्यांनी तवा फडक्यात गुंडाळला. आणि तडक घराची वाट धरली.

आषाढ लागला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल तर ताम्हिणीकडच्या माणसाला विचारा. एकदा धरला की माणसाला आपल्या अंगणाचा रंग आठवत नाही. लाकडं ओली, घरात धूर कोंडलेला. येसूकाकी भिंतीला हात लावत चालू लागल्या होत्या. मला खरंच भीती वाटू लागली. आणि तव्याचे दौरे तर बंद! मी आबांवर मनातल्या मनात चिडलो. एवढा गाजावाजा केला आणि आता बायकोला त्याच धुरात बसवलं!

अशात एके दिवशी येसूकाकी पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी अंथरून बसलेल्या दिसल्या. आबा दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्याने सांगत होते, “घरात कावळा शिवलाय!” म्हणजे बाई चार दिवस विटाळाची, कशाला शिवायची नाही. अशा वेळी घरचा पुरुष चुलीशी बसला तर कुणी हसत नसे, तो रिवाजच होता. चार दिवस गेले, आठ गेले, पंधरवडा उलटला. कावळा काही हलेना. शेजारच्या ठकूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “येसूकाकीची साठी उलटली की वो! कावळा ह्या वयात वाट चुकला जनू.” सगळी आळी हसली. मीही हसलो. माझ्या ताटातल्या भाकऱ्यांना कोपरे फुटले होते, त्याचंही मला हसूच येत होतं.

एका संध्याकाळी विस्तव मागायला मी आत गेलो. धुरात काही दिसेना. चुलीपुढं आबा बसले होते. डोळे लालबुंद, मिशांना पीठ, नाकाडोळ्यांतून धारा. खोकत खोकत फुंकणीने जाळ करत होते. मला पाहताच दचकले. पडवीतून येसूकाकींची हाक आली, “मीठ घातलं न्हवं?”

“घातलंय, घातलंय!” असं ओरडून त्यांनी घाईघाईने चिमूटभर मीठ पिठात टाकलं.

“आबा, हे कशाला?” मी म्हणालो. “तुमचे डोळे जातील.”

त्यांनी बाहीने तोंड पुसलं. आवाज खाली आणला. “लई चुली बगितल्या, मास्तर. ग्यासची बगितली, विजंची बगितली. आपल्या नशिबात हीच हाय. मंग धूर कुनाच्या तरी डोळ्यांत जानारच. माजं समदं बगून झालंय. सून पोटुशी हाय, दिवाळीला पोर घिऊन यील. हिनं अजून नातवाचं त्वांड बगितलं न्हाई.”

मी विस्तव न घेताच बाहेर आलो.

अंगणाच्या कडेला ठकूबाई इरलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दारातून सगळं पाहिलं असावं. इतक्यात पलीकडच्या आळीचा एक उनाड गडी जाता जाता खिदळत म्हणाला, “काय मास्तर, आबाच्या घरात अजून कावळाच का?”

मी तोंड गंभीर केलं आणि म्हणालो, “होय. शिवलाय.”

ठकूबाई त्याच्यावर खेकसल्या, “दात काय काडतुयास? औंदा कावळे लईच झाल्यात!” आणि पदराने डोळे पुसत घराकडे निघून गेल्या.