साठ किलो तांदळाखालची फळी

त्या दिवशी सौदीतल्या अल-खोबरला शेहेचाळीस डिग्री ऊन होतं आणि वर समुद्राचा दमटपणा. इथला ऑगस्ट असा, की एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरतं आणि समोर माणूस आहे की खांब, हे हाताने चाचपून बघावं लागतं. (मी एकदा खांबाला सलाम केला आहे. त्याने जवाब दिला नाही म्हणून दोन दिवस राग धरला होता.) रस्त्यावर मांजरसुद्धा नव्हतं. अशा दुपारी मी, फकरुद्दीन, वय वर्षं चौऱ्याहत्तर, बर्फात घालायचे बूट आणायला घराबाहेर पडलो.

मी शिकलेला माणूस नाही. शाळेत गेलो तो शाळेची कौलं शाकारायला. अक्षरं शिकलो ती फळ्यांवर पेन्सिलने मापं लिहिता लिहिता, त्यामुळे माझं लिहिणं सावकाश असतं, तुम्हीही सावकाश वाचा. रत्नागिरीकडून आलो तो सुतार म्हणून आणि जुबैलला चाळीस वर्षं काँक्रीटसाठी फळ्या ठोकल्या. आता मुलगा झैद तिथेच प्लांटवर शिफ्टला जातो आणि मी खोबरच्या फ्लॅटमध्ये त्याच्या आईची, नूरुन्निसाची, बोलणी खातो.

झैदची मुलगी, म्हणजे माझी नात अफनान, कॅनडात शिकते. तीन वर्षं झाली, आली नाही. सुट्टी जवळ आली की फोनवर म्हणते, "दादा, तिकीट बघते." तीन वर्षं ती तिकीट बघतेच आहे. आता तिकिटालाही लाज वाटत असेल.

जुलैमध्ये बोलता बोलता ती म्हणाली की तिचा स्नोबोर्ड जुना झाला, आता नवीन हवा, बूटही हवेत. स्नोबोर्ड म्हणजे एक फळी. तिच्यावर दोन्ही पाय बांधून उभं राहायचं आणि बर्फाच्या डोंगरावरून घसरायचं. (आमच्या वेळी घसरण्यासाठी काही विकत घ्यावं लागत नसे.)

मी म्हटलं, "फळी? फळी मी घेतो. तू डिसेंबरात ये आणि घेऊन जा."

"इन खोबर, दादा?" ती हसली. "ऑल-माउंटन फ्रीस्टाइल हवा हां. कुठल्याही डोंगरावर चालणारा आणि उड्या मारता येणारा."

"मिळेल."

"ओके. तिकीट बघते."

ते चार शब्द मी रोज सकाळी समुद्राकाठी कॉर्निशवर फिरताना घोकले. ऑल, माउंटन, फ्री, स्टाइल. एक पठाण मला ओळखू लागला होता, तो रस्ता बदलून जायला लागला.

बुटांचं माप तिने मोबाईलवर आकड्यात पाठवलं, पण आकड्यावर माझा भरवसा नाही. आमच्या काळात गावाहून पत्रं यायची, त्यात कागदावर पाय काढलेला असायचा. पोराला कागदावर उभं करायचं, भोवती पेन्सिल फिरवायची. अख्ख्या मोहल्ल्याचे पाय माझ्या ट्रंकेत होते. तो कागद बाजारात न्यायचा, चपलेवर ठेवायचा आणि रेघेच्या बाहेर एक बोट जास्त घ्यायचं, कारण आम्हाला सुट्टी दोन वर्षांनी मिळायची आणि चप्पल पोचेपर्यंत पोर वाढलेलं असायचं. अफनानचाही पाय माझ्याकडे होता. कॅनडाला जायच्या सकाळी मी तिला कागदावर उभी केली होती. ती म्हणत होती, "दादा, टॅक्सी आलीय," आणि मी म्हणत होतो, "टाच उचलू नको." तो कागद घडी करून मी इकामाच्या, म्हणजे इथल्या परवान्याच्या, पाकिटात ठेवला आहे.

मॉलमधल्या खेळाच्या दुकानात गेल्या हिवाळ्यातले चार बोर्ड उरले होते. तिथला सेल्समन उमैर, हैदराबादचा, फार अदबीचा माणूस.

"चचा, किसके लिए?"

"पोतीके लिए."

"वजन कितना है?"

शेवटची उचलली तेव्हा दुसरीत होती. मी म्हटलं, "पंद्रह सालसे उठाया नहीं."

उमैरने अंदाजाने काहीतरी लिहिलं. मग विचारलं, फळीवर ती पुढे कुठला पाय ठेवते. हे मला पक्कं माहीत होतं. नूरुन्निसाने तिला शिकवलं आहे, घरात शिरताना उजवा पाय आधी. उमैर म्हणाला, उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला या खेळात गूफी म्हणतात. म्हणजे काय, विचारलं तर तो भीत भीत म्हणाला, "थोडा बावळा, चचा." मी त्याला माफ केलं. त्याने ते नाव ठेवलं नव्हतं.

बूट झाले. रेघेवर ठेवले, बाहेर एक बोट जास्त घेतलं. मग फळी हातात घेतली आणि सवयीने एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकली. फळी वाकलेली. जमिनीवर ठेवली तर मध्ये अधांतरी, खालून माझी पाच बोटं गेली. दुसरी बघितली, तीही तशीच. चारही वाकलेल्या.

"सीधा नहीं है?"

"चचा, ये ऐसाही आता है. इसको कैम्बर बोलते हैं."

मी मनात हसलो. चाळीस वर्षांत मला वाकडं प्लायवूड विकणारा प्रत्येक माणूस हेच म्हणाला होता. ऐसाही आता है. निदान यांनी त्याला नाव तरी ठेवलं होतं. त्यातल्या त्यात एक फळी निवडली. म्हटलं, सरळ करू.

उमैर म्हणाला, "कॅनडाका पता दीजिए, हम यहींसे भेज देंगे."

मी म्हटलं, "पता मालूम नहीं."

(पत्ता तोंडपाठ आहे, त्यांच्या त्या अक्षरं-आकडे मिसळलेल्या पिनकोडासकट. पण पार्सल गेलं असतं, तर ती कशाला आली असती?)

घरी आल्यावर नूरुन्निसाने बूट बघितले. "अवो, हे कुणाचे? झैदचे?"

"अफनानचे. एक बोट जास्त घेतलंय."

"बावीस वर्षांची आहे ती. अजून किती वाढणार?"

"थंडीत वाढतात माणसं," मी म्हटलं. मला तरी काय माहीत.

फळी सरळ करायची रीत ठरलेली आहे. दोन टोकांखाली लाकूड, मध्ये ओलं फडकं, वर वजन आणि धीर. बाल्कनीत फळी मांडली. घरातली वीस-वीस किलोंची बासमतीची दोन पोती वर ठेवली. कमी वाटलं, म्हणून समोरच्या फ्लॅटचं दार वाजवलं. तिथे नाशिकचे श्यामकांत राहतात, मोठे इंजिनीयर.

"तांदूळ आहे का?" मी विचारलं.

"आहे ना चाचा. किती वाट्या?"

"वीस किलो."

त्यांचा चेहरा फुलला. "अफनान येतेय? बिर्याणी?"

मी मान हलवली. दोन्ही प्रश्नांना एकच मान पुरली. पोतं ते स्वतः उचलून घेऊन आले. फळी बघून चेहरा थोडा उतरला, पण इंजिनीयर माणूस, राहवलं नाही. म्हणाले, "चाचा, लोड बरोबर मधोमध द्या."

असे सोळा दिवस गेले. रोज फडकं ओलं करायचं, वाळलं की पुन्हा ओलं करायचं. उतरत्या दुपारी असरच्या नमाजानंतर मी स्वतः पोत्यांवर चहा घेऊन बसायचो, म्हणजे माझंही वजन कामी यायचं. तिथून दम्मामकडे उतरणारी विमानं दिसतात. मी मोजत नव्हतो, पण आमच्या इमारतीवरून जाताना त्यांची चाकं बाहेर आलेली असतात. एवढं जवळ आल्यावर माणूस परत जात नाही, असं मनात यायचं.

नूरुन्निसा आतून विचारायची, "अंडं उबवताय का?"

मी म्हणायचो, "हो."

सतराव्या दिवशी पोती उतरवली. फळी जमिनीवर ठेवली आणि खालून कागद सरकवून बघितला. सरकला नाही. टोकं वर वळलेली होती ती सोडली, होडीचं नाकही वर असतंच. बाकी अशी सरळ, की तिच्यावर सुताराची लेव्हल ठेवली तर बुडबुडा मधोमध उभा राहिला. आतून दोन-तीनदा कटकट आवाज आला होता, पण तो लाकूड ऐकायला लागल्याचा आवाज, असं मी धरलं.

संध्याकाळी अफनानला व्हिडिओ कॉल लावला. नूरुन्निसाने मोबाईल धरला, मी फळी. तेवढ्यात श्यामकांतही पोत्याची चौकशी करायला आले होते, ते सोफ्यावर बसले.

"बघ," मी म्हटलं. "वाकडी होती, सरळ करून ठेवली."

अफनानने चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आणला.

"दादा. व्हेअर इज द कॅम्बर?"

"काढला."

"काढला?"

"पूर्ण."

मग ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीवरून खाली गेली, नुसतं छत दिसत होतं. वर आली तेव्हा डोळे पुसत म्हणाली, "दादा, तोच तर हवा असतो. त्या बाकामुळेच उडी मारता येते. आता ती फक्त फळी आहे."

मी फळी भिंतीला टेकवली. चाळीस वर्षांत मी एकच काम इतक्या प्रेमाने केलं होतं, आणि तेवढंच चुकलं होतं. हळूच म्हटलं, "बूट चांगले आहेत. तुझ्या पायाच्या कागदावरून घेतले. एक बोट जास्त."

"जास्त का?"

"वाढली असशील म्हणून."

"दादा, माझा पाय आता वाढत नाही."

"मला कसं कळणार?" मी म्हटलं. "तीन वर्षं बघितला नाही."

पडद्यावर अफनान हलेनाशी झाली. मला वाटलं, नेट गेलं. नूरुन्निसा मोबाईल वर-खाली करायला लागली. मग अफनान म्हणाली, "ऐका. बुटांना काही करायचं नाही. भिजवायचे नाहीत, ठोकायचे नाहीत, त्यांच्यावर बसायचं नाही. डिसेंबरपर्यंत हात लावायचा नाही. मी तिकीट काढते."

फोन बंद झाल्यावर नूरुन्निसा म्हणाली, "काढते म्हणाली. बघते नाही."

"ऐकलं मी," मी म्हटलं आणि चष्मा पुसायला लागलो. (घरातही कधीकधी धुकं धरतं.)

श्यामकांत जायला उठले. मी त्यांचं पोतं दारापर्यंत ओढत नेलं आणि उपकार मानले. त्यांनी पोत्याकडे बघितलं, त्यावर माझ्या बैठकीचा सोळा दिवसांचा खळगा पडला होता. ते म्हणाले, "असू द्या चाचा, डिसेंबरात लागेल. फक्त या वेळी त्याच्यावर बसू नका, शिजवा."